चोविसांत व्याध का नाही?

अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ही कथा आपल्या भाविक वाचकांना नव्याने सांगायची गरज नाही. भागवताच्या एकादश स्कंधात, सातव्या अध्यायापासून नवव्यापर्यंत ती आहे. परंपरा त्या अवधूताला दत्तात्रेयच मानते. नाथबाबांनी शके 1495 मध्ये काशीत याच स्कंधावरची टीका पुरी केली आणि हे चोवीस गुरू मराठी माणसाच्या घरातलेच होऊन बसले. पृथ्वी, वारा, आकाश, समुद्र, अजगर, मधमाशी, पिंगला, लहान मूल, कुंभारमाशी... दत्तजयंतीच्या आधीच्या सप्ताहात दरवर्षी हे अध्याय कानावरून जातात.

आमच्या गडमुडशिंगीत एकदा असंच वाचन संपलं आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्यांनी विचारलं, "कबुतर गुरू, हरीण गुरू, मासा गुरू. सगळी फाशात घावलेली जनावरं. मग धरणारा काय कमी हुशार हुता व्हय? त्याला का न्हाई केला गुरू?" मंडळी हसली, आरतीची वेळ झाली होती, विषय तिथंच राहिला.

मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. कारण यादी नीट पाहिली तर तो आणखी अवघड होतो. अवधूताने फक्त साधीभोळी जिवंत माणसं आणि जनावरं निवडली, असं म्हणावं तर माशांनी साठवलेला मध लुटून नेणारा मधुहा चोविसांत आहे. हिंसेचा स्पर्श नको म्हणून व्याध टाळला म्हणावं, तर बाण करणारा कारागीर, शरकृत, चोविसांत आहे! तो बाण सरळ करण्यात इतका गुंतला होता की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता लागला नाही. बाण करणारा चालतो, बाण सोडणारा चालत नाही. हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर शोधायचं तर आधी हरणाची शिकार साधते कशी, हे नीट पाहिलं पाहिजे. दत्तजयंतीच्या अंकात शिकारीचे डावपेच कशाला, असं कोणी म्हणेल. पण अवधूत डोळे मिटून गुरू करत फिरला नाही. तो रानात, बाजारात, नदीकाठी उघड्या डोळ्यांनी हिंडला. आपणही थोडं हिंडू.

शिकाऱ्याचा पहिला नियम वाऱ्याचा. वारा नेहमी आपल्या तोंडावर घ्यायचा, म्हणजे हरणाकडून आपल्याकडे आला पाहिजे. पाठीवरून वारा गेला की माणसाचा वास पुढे जातो आणि दिसायच्या आत कळप पसार होतो. दुसरा नियम स्थिरपणाचा. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. हललेलं काहीही ते लगेच टिपतं; पण अजिबात न हलणारा माणूस त्याच्या लेखी झाडाच्या बुंध्यात जमा. म्हणून अंगावर डास बसला तरी हात उचलायचा नाही. तिसरा नियम वेळेचा. पहाटे उजाडताना आणि दिवस मावळताना हरीण चरायला निघतं. उन्हाळ्यात पाणवठ्यावर येतं. काही ठिकाणी खारट माती चाटायला येतं. म्हणून मागे धावणारा शिकारी कच्चा, आणि ते जिथं येणारच तिथं आधीपासून जाऊन बसणारा पक्का. काळवीट नर तर आपल्या हद्दीत ठरलेल्या जागी लेंड्यांचे ढीग घालतो आणि पुन्हा पुन्हा तिथंच येतो. ज्याला हे ठाऊक आहे, त्याला शोधत फिरावं लागत नाही.

आणि शेवटी आवाज. पळत सुटलेल्या हरणाला बारीक शीळ घातली की ते क्षणभर थबकतं, मान वळवून बघतं. तेवढ्या क्षणात काम होतं. भेकराच्या शिकारीत काही ठिकाणी पान ओठांत धरून पाडसाच्या ओरडण्याची नक्कल करतात. आई धावत येते.

आता या युक्त्या एकापुढे एक ठेवून पाहा. यातली एकही शिकाऱ्याने आपल्या घरून आणलेली नाही. तहान हरणाची, खारट मातीची गरज हरणाची, हद्द राखायची सवय हरणाची, वळून बघायची ओढ हरणाची, पाडसावरची माया हरिणीची. शिकाऱ्याने फक्त हे सगळं ध्यानात ठेवलं आणि त्यांच्या मधोमध जाऊन बसला. शिवाय या गोष्टींत दुर्गुण एकही नाही! तहान लागणं हे पाप आहे का? लेकराच्या हाकेला ओ देणं हा दोष आहे का? कीर्तनात आपण ऐकतो की हरीण कानाच्या लोभापायी मेलं, मासा जिभेच्या लोभापायी मेला, पतंग डोळ्यांच्या लोभापायी. ऐकायला बरं वाटतं. पण ज्या कानाने हरीण थांबतं, त्याच कानाने त्याला बिबट्याची चाहूल लागते. कान कापून टाकला तर ते दुसऱ्या दिवशी मरेल. भागवतात हरणाकडून घेतलेला धडा एवढाच आहे की विरक्ताने भुलवणाऱ्या गाण्याच्या मागे जाऊ नये, आणि तिथं दाखला दिलाय ऋष्यशृंगाचा. तोही हरिणीच्याच पोटचा. ऐकू नकोस असं अवधूत म्हणत नाही. आवाज कोणाचा आणि तो कशासाठी काढलाय ते बघ, असा त्याचा रोख मला दिसतो.

पाडसाच्या नकलेची गोष्ट वाचून काहींच्या मनात आलंच असेल. हल्ली फोन येतो, "तुमचा मुलगा अपघातात सापडलाय, लगेच पैसे पाठवा," किंवा "तुमच्या नावावर गुन्हा आहे, फोन ठेवायचा नाही, घरात कोणाशी बोलायचं नाही." आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांची आयुष्याची पुंजी अशीच एका दुपारी गेली. लोक म्हणाले, शिकलेला माणूस, एवढा कसा भुलला? मला तो प्रश्नच कठोर वाटतो. ते लोभाने गेले नाहीत. लेकाच्या काळजीने गेले, अब्रूच्या भीतीने गेले. पान ओठांत धरणारा दुसराच कोणी होता.

आता आपल्या कोल्हापुराकडे येऊ, कारण हरणाच्या शिकारीत या गावाने मोठं नाव कमावलं होतं. राजर्षी शाहू महाराजांना शिकारीचा नाद होता, त्यात झाकण्यासारखं काही नाही. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात भावनगरचे भावसिंहजी त्यांचे सहाध्यायी होते. भावनगर आणि कोल्हापूर ही दोन्ही संस्थानं चित्त्यांकडून होणाऱ्या काळविटांच्या शिकारीसाठी ओळखली जात. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतही हा खेळ चालू होता. चित्ते सांभाळणारे, त्यांना माणसाळवणारे चित्तेवान ही एक वेगळीच जाणती मंडळी होती.

ती शिकार अशी. माळावर काळविटांचा कळप चरतोय. पायी माणूस दिसला की तो पळणार. पण बैलगाडी त्यांच्या रोजच्या बघण्यातली, तिची भीती नाही. म्हणून डोळ्यांवर कातडी टोपी चढवलेला चित्ता गाडीत बसवायचा आणि गाडी सरळ कळपाकडे न नेता वेढे घेत, रमतगमत, जणू कुठं तरी वैरण आणायला चालल्यासारखी जवळ न्यायची. पुरेसं जवळ आलं की टोपी काढायची. पुढचं सगळं काही सेकंदांत. चित्ता पूर्ण वेगाने फार तर तीन-चारशे मीटर धावतो. तेवढ्यात साधलं तर साधलं, नाहीतर तो दम टाकून बसतो. साधलं तर गळा धरतो. मग चित्तेवान धावत येतो, शिकार ताब्यात घेतो, चित्त्याला लाकडी पळीतून थोडं रक्त देतो आणि पुन्हा डोळ्यांवर टोपी.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं लक्ष काळविटापेक्षा चित्त्याकडे गेलं. शिकार त्याने केली, पण पोटभर खायला मिळालं नाही. तोही रानातून धरून आणलेलाच, कारण बंदिवासात चित्त्याची वीण जवळजवळ होत नसे. म्हणजे प्रत्येक चित्ता रानातला एक कमी करूनच यायचा. शतकानुशतकं हे चाललं आणि रानं रिकामी झाली. शेवटी कोल्हापूर, भावनगरसारख्या संस्थानांना आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले. स्वातंत्र्याच्या सुमारास मध्य भारतातल्या कोरिया संस्थानात शेवटचे तीन चित्ते गोळीला बळी पडले आणि 1952 साली हा प्राणी देशातून संपल्याचं जाहीर झालं. 2022 मध्ये नामिबियातून 8 चित्ते कुनोला आणले, ते आपण टीव्हीवर पाहिलं. गंमत पाहा, काळवीट अजून आहे. कर्जतजवळ रेहेकुरीला आहे, सोलापूरकडच्या माळावर आहे. ज्याच्या बळावर त्याची शिकार व्हायची, तो हत्यार झालेला प्राणी आधी संपला.

राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेली जनावरं आपल्यापैकी बहुतेकांनी नातवंडांचा हात धरून पाहिली आहेत. मला तिथं राग येत नाही, त्या काळचे राजे तसेच होते. दाजीपूरचं रान आज उभं आहे, त्यालाही एक कारण ते छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं, हेच आहे; 1958 मध्ये तेच अभयारण्य झालं. स्वतःच्या हौसेसाठी राखलेलं रान पुढे जनावरांच्या उपयोगी पडलं. कर्माचा हिशेब आपल्याला वाटतो तितका सरळ नसतो.

पण शिकारी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे राजाच येतो, हे बरोबर नाही. आपल्याच भागात हरणाची शिकार खरी जाणणारे लोक होते फासेपारधी. नावच फाशावरून पडलेलं. हरणाच्या वाटेवर दोरीचे फासे मांडायचे, शिकवलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या आडोशाने पाऊल पाऊल पुढे सरकायचं, पाखरांचे हुबेहूब आवाज काढायचे. इंग्रजांनी 1871 पासून केलेल्या कायद्यांनी अशा कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. रोज चावडीवर हजेरी द्यायची, गाव सोडायचं नाही. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात 1918 साली ही हजेरी बंद केली, पारध्यांना कामाला ठेवलं, वस्तीला जागा दिली. ज्यांना इतर गावं उभं करून घेत नव्हती त्यांच्यावर त्यांनी पहाऱ्याचा भरवसा टाकला. तो जुना कायदा देशभरातून रद्द झाला तो 1952 मध्येच, म्हणजे चित्ता संपल्याची घोषणा झाली त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग, पण मनात राहतो.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला होता. त्यांना दिसलं की नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी एकाच मुलखात फिरत असले तरी प्रत्येकाची शिकार आणि शिकारीची रीत वेगळी ठरलेली; एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही. आणि फासेपारध्यांचा रिवाज असा की फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायचं.

इथं मला महाभारतातला पांडुराजा आठवतो. रानात हरीण-हरिणीची जोडी रमलेली असताना त्याने बाण मारला. तो हरणाच्या रूपातला किंदम ऋषी होता. पांडू वाद घालतो, राजांनी मृगया करावी हे शास्त्राला धरूनच आहे. किंदमाचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. तू हरीण मारलंस याचा दोष मी देत नाही. पण ज्या वेळेला मारलंस, त्या वेळेला थांबायला हवं होतंस. त्या एका बाणाने पुढचं सगळं महाभारत घडलं म्हटलं तरी चालेल. म्हणजे धर्म जाणणारा चंद्रवंशी राजा जिथं चुकला, तिथं चावडीवर हजेरी लावावी लागणारा पारधी पोटात भूक असताना फास सोडवून हरिणीला जाऊ देत होता. पुण्य कोणाच्या खात्यात किती, हे ठरवायला आपण बसू नये. पण शिकारी म्हणून दोघांना एकाच मापाने मोजताही येणार नाही.

आता पुन्हा त्या प्रश्नाकडे. शिकाऱ्याच्या अंगी गुण नाहीत असं कोण म्हणेल? तासन् तास न हलता बसणं, भूक-तहान-डास सहन करणं, जीभ बंद ठेवणं, नजर एका ठिकाणी लावणं, दुसऱ्या जिवाची नस ओळखणं. आपल्यापैकी कितीजण जपाला बसल्यावर दहा मिनिटं स्थिर राहतात? मी माझ्यापुरतं सांगणार नाही! मग एवढे गुण असताना त्याला जागा का नाही?

याचं उत्तर मला कपोताच्या कथेत मिळालं. कबुतराची पिल्लं जाळ्यात अडकतात, मादी त्यांच्यासाठी उडी घेते, नर दुःखाने शेवटी जाळ्यात शिरतो, आणि व्याध सगळ्या कुटुंबाला घेऊन जातो. तिथं मुळात व्याधाबद्दल फार थोडं म्हटलंय. तो क्रूर होता, त्याचं काम साधलं, आणि तो घरी गेला. बस्स. शाप नाही, नरक नाही, पुढच्या जन्मी काय झालं तेही नाही. काम साधलं की व्याध कथेतून बाहेर पडतो. अवधूताला त्याच्या थैलीत काय आलं याच्याशी देणंघेणं नाही. अवधूत जाळ्याकडे बघत उभा आहे.

आणि त्या व्याधाला तिथं शब्द कोणता वापरलाय? लुब्धक. लोभ या शब्दाशीच त्याचं नातं. ज्याला लोभ लागलाय तो. आपण समजतो की हरीण लोभात अडकलं आणि शिकारी मोकळा, चतुर, वरचढ आहे. संस्कृत भाषेने मात्र शिकाऱ्याचं नावच 'भुललेला' असं ठेवलं. हरीण आवाजाला भुलतं, शिकारी हरणाला भुलतो. दोर एकच आहे, टोकं दोन. म्हणून वेगळा गुरू करायला तिथं दुसरं कोणी उरतच नाही. हरणाकडून जो धडा घ्यायचा, त्यातच व्याध येऊन जातो.

शरकृताचं मात्र वेगळं आहे. त्याची एकाग्रता बाण सरळ होण्यापुरती होती. बाण झाला तरी ती त्याच्यापाशी राहते, नाही झाला तरी राहते. शिकाऱ्याचा स्थिरपणा हरीण पडेपर्यंतचा. पडलं की तो उठतो, ओरडतो, धावतो. त्याची शांतता उधारीची आहे. मधुहाची गोष्ट आणखी निराळी, तिथं बोट साठवणाऱ्याकडे आहे. खाल्लं नाही, दिलं नाही, तर तिसराच नेतो. हे गृहस्थाला कळायला फार खोल जायला नको.

कोणी म्हणेल, महाभारतात धर्मव्याध गुरू झालाच की! मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्याकडे कौशिक ब्राह्मण धर्म शिकायला गेला. खरं आहे. पण धर्मव्याध स्वतःच त्याला सांगतो की मी मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो. आणि त्याची खरी विद्या दाखवायला तो कौशिकाला दुकानात ठेवत नाही, आतल्या घरात म्हाताऱ्या आई-बापापुढे नेतो.

एवढ्यावर शिकारीचा निकाल लावणं घरबसल्यांना सोपं आहे. पण राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडच्या शेतकऱ्याला विचारा. गवे उसात शिरतात, रानडुकरं भुईमूग उकरतात, हत्तीने एका रात्रीत नारळी-पोफळीचा फडशा पाडलेला असतो. सांगलीकडे सागरेश्वरला उघड्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून रान उभं केलं, धों. म. मोहित्यांनी त्यासाठी जन्म घातला. 1985 मध्ये अभयारण्य झालं, हरणं वाढली. रान मात्र जेमतेम 11 चौरस किलोमीटर. हरणं कुंपणाबाहेर पिकात जाऊ लागली. ज्याचं पीक गेलं त्याला भूतदयेवर प्रवचन देण्यात काही अर्थ नाही. 1972 च्या कायद्याने काळविटासारख्या प्राण्याची शिकार केली तर 3 ते 7 वर्षांची कैद आहे, आणि ते योग्यच आहे. पण कायद्याने वाचवलेल्या हरणाचं ओझं एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकून आपण शहरात फोटो काढणार असू, तर तो न्याय नाही. राखण आणि शिकार यांत फरक आहे. रात्रभर माळ्यावर बसून डबा वाजवणारा शेतकरी हरणाला हाकलतो. त्याला ते जिवंत हवं की नको हा प्रश्नच नाही, फक्त दूर हवं. त्याची भरपाई वेळेवर पोचली पाहिजे, हेही भूतदयेतच येतं, असं माझं मत आहे.

वनपर्वात एक लहानशी गोष्ट आहे, ती फारशी सांगितली जात नाही. पांडव द्वैतवनात राहत असताना रोज मृगयेवर त्यांचं आणि सोबतच्या ब्राह्मणांचं पोट चालायचं. एका रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात हरणं आली, हात जोडून, गहिवरून. म्हणाली, आम्ही फार थोडी उरलो आहोत, बियाण्यापुरती. तुम्ही जागा बदला, म्हणजे आम्ही पुन्हा वाढू. सकाळी धर्मराजाने भावांना सांगितलं आणि सगळे काम्यकवनाकडे निघाले. यात पांडवांनी मांस सोडल्याचं म्हटलेलं नाही. बियाणं खायचं नाही, एवढंच त्याला कळलं. शेतकऱ्याच्या पोराला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. कितीही टंचाई असली तरी बियाण्याच्या पोत्याला हात लावायचा नाही, हे आपण आईच्या तोंडून ऐकलेलं असतं.

राहिला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा व्याध, शिवलीलामृताच्या दुसऱ्या अध्यायातला. महाशिवरात्रीला घराघरांत वाचतो तो. त्याच्याकडे आता शिकाऱ्याच्या नजरेने बघा. त्या रात्री त्याने एकही गोष्ट चुकीची केलेली नाही. पाणवठा गाठला. झाडावर उंच जागा धरली. समोरचं नीट दिसावं म्हणून आड येणारी पानं तोडून खाली टाकली. दिवसभर शिकार नाही, म्हणून उपाशी. झोप लागली तर सावज जाईल, म्हणून जागा. आवाज नको, म्हणून स्तब्ध. आपण मघाशी शिकारीचे जे नियम पाहिले, ते सगळे त्याने पाळले. झाड बेलाचं होतं, खाली लिंग होतं, आणि उपास, जागरण, बिल्वार्पण सगळं आपोआप घडलं. पूजेसाठी म्हणून त्याने वेगळं काही केलं नाही. मग हरिणी आली, बोलली, पाडसांना भेटून येते म्हणाली. आणि त्याने शिकारीचा शेवटचा नियम तेवढा पाळला नाही. धनुष्य ओढलेलं होतं, ते खाली घेतलं. तिला जाऊ दिलं. ती शब्द राखून परत आली.

माझ्या मते व्याधाचं गुरुपण असेल तर ते इथं आहे, आणि म्हणूनच ते चोविसांत बसलं नाही. ती गोष्ट वेगळी सांगावी लागली. त्याचं सगळं कसब तसंच राहिलं, वारा, जागा, जागरण, स्थिरपणा, सगळं. फक्त त्या कसबाच्या टोकाला जे लोभाचं गाठोडं बांधलेलं होतं, ते सुटलं. लुब्धकातला लोभ गेला आणि जे उरलं ते शरकृताजवळ जाऊन बसलं. आपल्या दत्तगुरूंच्या पायाशी बसलेले चार श्वान पाहिले की मला हेच आठवतं. ते वेदांचं प्रतीक आहेत हे खरंच, ते मी नाकारत नाही. पण शिकारीत माणसाबरोबर सगळ्यात आधी धावणारा प्राणी कुत्रा. तो इथं गाईला टेकून बसलाय, आणि गाय निर्धास्त आहे.

मार्गशीर्षाला मार्गशीर्ष म्हणतात ते मृगशीर्ष नक्षत्रावरून. या महिन्यातली पौर्णिमा त्याच्या आसपास असते. दत्तजन्माचा पाळणा झाला, सुंठवडा वाटून झाला, जेवणं उरकली की रात्री दहाच्या सुमारास गच्चीवर किंवा अंगणात या आणि पूर्वेकडे बघा. पूर्ण चंद्राच्या उजेडात बारीक चांदण्या दिसणार नाहीत, पण मृगाचे चार पाय आणि पोटातले ओळीतले तीन तारे दिसतात. त्यांच्या रोखाने खाली नजर नेली की सगळ्यांत तेजस्वी तारा, तो व्याध. जुन्या ग्रंथांत त्याचंही नाव लुब्धक. ते तीन तारे म्हणजे प्रजापतीरूपी मृगाला लागलेला रुद्राचा बाण, अशी वेदकाळापासूनची एक कथा आहे. आणि शिवरात्रीच्या पोथीत हाच व्याध आणि हीच हरणं बाण न सुटता आकाशात गेली. तारे तेच. नातवंडं विचारतात, मग आजोबा, बाण लागला का नाही? मी त्यांना दोन्ही गोष्टी सांगतो. मार्गशीर्षातली रात्र तशी लांबच असते.